घरबाजारातील मंदी आणि फ्लॅटधारकाचा हिसाब

कापडाच्या बाजारात मंदी आली की व्यापारी काय करतो हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तो नवी खरेदी थांबवतो, पडून राहिलेला माल उतरत्या भावाने काढतो, थान जात नसेल तर कटपीस करून विकतो, आणि जी रक्कम हाती येईल ती ज्यांचे देणे आहे त्यांना थोडीथोडी देऊन बाजारातली पत सांभाळतो. नुकसान होते, पण ते एकदा होते आणि हिसाब बंद होतो. फ्लॅटचे तसे नाही. फ्लॅटचा कटपीस होत नाही. दोन खोल्यांपैकी एक विकून हप्ता भरता येत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून फ्लॅट नुसता कुलूप लावून ठेवला तरी तो दरमहा पैसे मागत राहतो.

आपल्या समाजातील व्यापारी आणि कारागीर वर्गासाठी हा विषय महत्त्वाचा आहे. बँकेत मुदतठेव ठेवून व्याज घेणे अनेकांना नको असते, शेअर बाजाराचा अभ्यास नसतो, म्हणून दोन पैसे शिल्लक राहिले की ते सोन्यात किंवा फ्लॅटमध्ये जातात. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील कितीतरी कुटुंबे मुंब्रा व मीरा रोडकडे गेली. तेथे फ्लॅट घेणे ही काहींच्या बाबतीत गुंतवणूक नव्हती, मजबुरी होती. ज्याने ऐपतीपेक्षा एक खोली जास्त घेतली तोही त्यात आला आणि ज्याने सुरक्षिततेसाठी घेतली तोही आला. पुढे मंदी आली तेव्हा तिने दोघांना सारखेच धरले.

मंदीत भाव पडतो ही गोष्ट सर्वांना दिसते. परंतु जो राहण्यासाठी घर घेतो त्याला पडलेल्या भावाने लगेच काही होत नाही. विकायचेच नाही तर भाव काय असेना. त्याला खरा मार दुसरीकडून बसतो. फ्लॅटधारक हा चार भिंतींचा एकटा मालक असतो, पण जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी आणि छत यांचा भागीदार असतो, आणि ही भागीदारी त्याने न निवडलेल्या माणसांबरोबर असते. भागीदार तंगीत आला की त्याच्या वाट्याचा बोजा आपल्याकडे सरकतो. तिजारतीत भागीदार निवडताना आपण त्याच्या खानदानाची चौकशी करतो. फ्लॅट घेताना वरच्या मजल्यावर कोण आहे हेही विचारीत नाही.

कर्जाचा हप्ता

प्रथम कर्जाचा मामला पाहू. मुंबईत फ्लॅटचे भाव १९९५ च्या सुमारास शिखरावर पोहोचले आणि मग घसरू लागले. २००२-०३ पर्यंत बाजार उठला नाही, आणि मधल्या काळात अनेक भागांत भाव तिसऱ्या हिश्श्याने, काही ठिकाणी निम्म्याने उतरले. त्याच काळात गृहकर्जाचा दर पंधरा टक्क्यांच्या आसपास होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, ते आकड्यांत मांडतो.

समजा, कोणी १९९६ साली सात लाखांचा फ्लॅट घेतला. दोन लाख घरचे, पाच लाख कर्ज, मुदत पंधरा वर्षे, दर पंधरा टक्के. हप्ता सुमारे ७,००० रुपये. तीन वर्षे त्याने एकही हप्ता न चुकवता भरला, म्हणजे अडीच लाखांहून थोडे जास्त रुपये दिले. तीन वर्षांनंतर मुद्दलातून किती कमी झाले? सुमारे ३४,००० रुपये. बाकी सर्व व्याजात गेले. आता कर्ज उरले ४ लाख ६६ हजार, आणि बाजारात फ्लॅटचा भाव उतरून झाला साडेचार लाख. तो विकायला निघाला तर फ्लॅट देऊन वर सोळा हजार खिशातून द्यावे लागतील. घरचे दोन लाख आणि तीन वर्षांचे हप्ते तर गेलेच. अशा स्थितीत माणूस विकूही शकत नाही आणि ठेवूही शकत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातील फार मोठा भाग व्याजात जातो ही गोष्ट कर्ज घेणाऱ्या शेकडा नव्वद लोकांना माहीत नसते. माझ्या मते बँकेतून कर्ज मंजुरीचे पत्र घेण्याआधी प्रत्येकाने परतफेडीचा तक्ता मागावा आणि छत्तिसाव्या महिन्यासमोर काय लिहिले आहे ते पाहावे. मंदी पहिल्या पाच वर्षांत आली तर ती सर्वांत महाग पडते, दहाव्या वर्षी आली तर तितकी नाही. व्याजाच्या व्यवहाराबद्दल दीनचा हुकूम काय आहे तो वाचकांना ठाऊक आहे. ज्यांनी मजबुरीने कर्ज घेतलेले आहे त्यांच्यासाठी हा हिसाब आहे.

दुसरी गोष्ट बदलत्या दराची. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. अनेक बँकांनी हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली. कर्जदाराला वाटले काही झाले नाही. प्रत्यक्षात काहींचे कर्ज कित्येक वर्षांनी लांबले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने असा आदेश काढला की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारले पाहिजे. हा हक्क लक्षात ठेवावा.

हप्ता थकला तर घड्याळ कसे चालते तेही माहीत असावे. नव्वद दिवस थकबाकी राहिली की कर्ज बुडीताच्या वर्गात जाते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते. त्यानंतर बँक ताबा घेऊन लिलाव करू शकते. लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी बँकेचे सर्व येणे खर्चासह भरले तर घर वाचते. एकूण येण्यापैकी वीस टक्क्यांहून कमी बाकी उरली असेल तर हा कायदा लागू होत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. काही लोक म्हणतात, चावी बँकेला देऊन टाकू आणि मोकळे होऊ. तसे मोकळे होता येत नाही. लिलावात कर्जापेक्षा कमी रक्कम आली तर उरलेली बाकी कर्जदाराच्या डोक्यावर राहते. म्हणून पहिला हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच, चुकण्याआधी, बँकेत जाऊन मुदत मागावी. नव्वद दिवसांच्या आधी गेलेल्या माणसाशी बँक वेगळ्या आवाजात बोलते.

शेजाऱ्याची थकबाकी

आता ज्या गोष्टीकडे आपण लक्ष देत नाही तिच्याकडे येतो. समजा, चोवीस फ्लॅटची एक इमारत आहे. लिफ्टचा करार, वॉचमन, झाडूवाला, पाण्याचे बिल, पंपाची वीज, विमा असे मिळून महिन्याला ४३,२०० रुपये लागतात, म्हणजे फ्लॅटमागे १,८०० रुपये. मंदीत आठ जणांनी भरणे बंद केले. कोणाचा धंदा बसला, कोणी फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतला होता आणि आता त्यात आणखी पैसे घालण्याची त्याची इच्छा नाही, दोन फ्लॅट बिल्डरचे न विकलेले आहेत. खर्च मात्र कमी होत नाही. चोवीसपैकी सोळांनीच पैसे भरले म्हणून लिफ्ट दोन-तृतीयांश चालत नाही. सभा भरते आणि ठराव होतो की सोळा जणांनी २,७०० रुपये भरावेत. जे प्रामाणिकपणे भरत होते त्यांचे बिल दीडपट झाले. त्यातले दोघे आधीच कडेला उभे होते, ते आता थकतात. उरलेल्या चौदांवर प्रत्येकी तीन हजारांहून जास्त येतात. मग लिफ्ट बंद पडते, टाकी गळते, आणि या इमारतीत फ्लॅट घ्यायला आलेला गिऱ्हाईक जिन्यातूनच परत जातो. भाव आणखी पडतो, आणि पडलेला भाव पाहून आणखी एक जण भरणे थांबवतो.

हे चक्र सर्वांत स्पष्ट दिसले ते अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात. आपल्याकडे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली ज्या इमारती येतात त्यांना कॉन्डोमिनियम म्हणतात. तोच शब्द आणि तशीच रचना तेथे आहे. २००३ नंतर मायामीत उंच इमारतींची रांग उभी राहिली आणि त्यांतील पुष्कळ फ्लॅट राहण्यासाठी नव्हे तर पुढे विकण्यासाठी घेतले गेले. २००७ पासून बाजार कोसळला. मायामी परिसरातील घरांचे भाव शिखरापासून सुमारे निम्म्यावर आले. ज्यांनी विकण्यासाठी घेतले होते त्यांनी बँकेचा हप्ता आणि इमारतीची वर्गणी दोन्ही बंद केले.

येथे एक विचित्र प्रकार घडला. तेथील जप्तीचा दावा न्यायालयातून जातो आणि त्या काळात तो वर्ष-दोन वर्षे सहज चाले. बँकांनाही घाई नव्हती, कारण फ्लॅट बँकेच्या नावावर झाला की त्या दिवसापासून वर्गणी बँकेला भरावी लागते. जुन्या थकबाकीबद्दल कायद्याने बँकेची जबाबदारी फक्त सहा महिन्यांच्या वर्गणीपुरती ठेवली होती. म्हणजे दावा लांबेल तितके बँकेचे बचत आणि शेजाऱ्यांचे नुकसान. इमारतीतील जे लोक हप्ता आणि वर्गणी दोन्ही वेळेवर भरीत होते त्यांच्यावर जादा पट्टी बसली, पोहण्याचे तलाव बंद झाले, विमा भरण्यास पैसे उरले नाहीत. अखेर २०१० साली तेथे कायदा बदलला. बँकेची जबाबदारी बारा महिन्यांची वर्गणी किंवा मूळ कर्जाचा एक टक्का, यांत जी रक्कम कमी असेल तितकी झाली. आणखी एक चांगली तरतूद झाली: थकबाकीदार मालकाने फ्लॅट भाड्याने दिला असेल तर इमारतीच्या संघाने ते भाडे थेट भाडेकरूकडून वसूल करावे. मालक भाडे खिशात घालतो आणि लिफ्टचे पैसे देत नाही, हा प्रकार आपल्याकडे अनोळखी नाही.

आपल्या सोसायट्यांच्या हातात तुलनेने बरे हत्यार आहे, पण ते वापरले जात नाही. सहकारी संस्थांच्या कायद्यात थकबाकीदाराविरुद्ध निबंधकाकडे अर्ज करून वसुली दाखला मिळवता येतो. पूर्वी हे कलम १०१ खाली होत असे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब-२९ आहे. दाखला मिळाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. त्यासाठी बिले वेळेवर दिलेली, नोटिसा पोहोचल्याची पोच, सभेचे ठराव आणि हिसाब तपासनिसाने तपासलेला, एवढे कागद हवेत. बहुतेक सोसायट्या येथेच अडतात. चिटणीस शरमेने नोटीस काढत नाही, कारण थकबाकीदार रोज नमाजला शेजारी उभा असतो.

तंगीतल्या कर्जदाराला मुदत द्यावी ही आपली शिकवण आहे आणि ती योग्य आहे. पण मुदत कोणाची आणि कोणाच्या पैशातून, हेही पाहावे. सोसायटीची रक्कम ही चोवीस घरांची अमानत आहे. कमिटीने खरोखर अडचणीत असलेल्या घराला सभेच्या मंजुरीने, लेखी, सहा किंवा आठ हप्ते बांधून द्यावेत. ज्याच्याकडे दोन फ्लॅट आहेत आणि एकाचे भाडे येते आहे तो तंगीत नाही, त्याला नोटीस द्यावी. थकबाकीवर व्याज लावायचे की नाही, हेही सभेने ठरवावे. २०१४ च्या आदर्श उपविधींत दिलेला २१ टक्के हा दर कमाल मर्यादा म्हणून आहे. रागाच्या भरात पाणी तोडणे हा मात्र मार्ग नव्हे. त्याने कमिटीच आरोपी होते.

तंगीत आलेली कमिटी आणखी दोन ठिकाणी हात घालते. भाडेकरू ठेवणाऱ्या मालकाकडून बिनभोगवटा शुल्क वाटेल तसे घेते आणि फ्लॅट विकणाऱ्याकडून हस्तांतरणाच्या नावाने मोठी देणगी मागते. २००१ च्या सरकारी आदेशांनी पहिल्यावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची आणि दुसऱ्यावर पंचवीस हजार रुपयांची मर्यादा घातलेली आहे. अडचणीमुळे विकणाऱ्याला अशी देणगी मागणे म्हणजे बुडणाऱ्याच्या पायाला दगड बांधणे होय.

बिल्डरच्या न विकलेल्या फ्लॅटचा प्रश्न मंदीत हमखास येतो. करारात कोठेतरी बारीक अक्षरात लिहिलेले असते की न विकलेल्या फ्लॅटवर बिल्डर देखभाल खर्च देणार नाही, किंवा फक्त मालमत्ता कर देईल. तेजीत हे कलम कोणाला बोचत नाही, कारण सारे फ्लॅट विकले जातात. नवीन इमारतीत घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी नेमके हे कलम शोधावे. आणि मुंब्रा-कौसा, भिवंडीकडील ज्या इमारतींत सोसायटीच नोंदलेली नाही, वॉचमन घरोघर फिरून रोख पैसे गोळा करतो, तेथे तर वसुलीचा कायदाच हातात नाही. बिल्डर नोंदणी करून देत नसेल तर फ्लॅटधारक स्वतः निबंधकाकडे अर्ज करू शकतात. हे काम चांगल्या दिवसांत उरकून घ्यावे. मंदीत कोणी वर्गणी देईना झाले की नोंदणीसाठी सह्याही मिळत नाहीत.

छताचा खर्च

मंदीत सर्वप्रथम कापला जाणारा खर्च म्हणजे दुरुस्ती. रंग पुढच्या वर्षी, प्लास्टर त्याच्या पुढच्या वर्षी. फ्लोरिडातीलच सर्फसाइड गावी १९८१ साली बांधलेली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ नावाची इमारत होती. २०१८ मध्ये अभियंत्याने लेखी सांगितले की तळमजल्याच्या स्लॅबला मोठी दुरुस्ती लागणार आहे. रहिवाशांत वाद होत राहिले. २०२१ च्या एप्रिलमध्ये अखेर सुमारे दीड कोटी डॉलरची पट्टी ठरली. लहान फ्लॅटवर सुमारे ८०,००० डॉलर आणि मोठ्यावर ३,३६,००० डॉलरपर्यंत. पैसे जुलैपासून भरायचे होते. २४ जून २०२१ च्या पहाटे इमारत कोसळली, ९८ माणसे मेली.

त्यानंतर २०२२ साली फ्लोरिडाने कायदा केला की तीन मजले व त्याहून उंच जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची, आणि मुख्य बांधकामाचा राखीव निधी टाळता येणार नाही. कायदा योग्यच होता, पण वीस-तीस वर्षे जो निधी साठवलाच नाही तो दोन वर्षांत मागितला गेला. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना अचानक मोठमोठी बिले आली. अनेकांनी फ्लॅट विकायला काढले, तेही एकाच वेळी, आणि निधी नसलेल्या इमारतींतील फ्लॅटसाठी कर्ज मिळणेही कठीण झाले. २०२४ व २०२५ मध्ये तेथे जुन्या कॉन्डोमिनियमचे भाव उतरले. २०२५ मध्ये सरकारला काही सवलती द्याव्या लागल्या. म्हणजे मंदीमुळे दुरुस्ती टळते एवढेच नाही. टळलेली दुरुस्ती एक दिवस स्वतःच मंदी आणते.

हे दूरचे वाटत असेल तर भिवंडी आठवावी. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि पस्तीसहून अधिक माणसे दगावली. ती १९८४ च्या सुमाराची, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतली इमारत होती. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळ-डायघर येथे लकी कंपाउंडमध्ये जे झाले ते तर बेकायदा आणि कच्च्या बांधकामाचे प्रकरण होते. तेथे ७४ जीव गेले.

आपल्या आदर्श उपविधींत याची तरतूद आहे. बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का सिंकिंग फंड आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी दरवर्षी काढावा. फ्लॅटचा बांधकाम खर्च दहा लाख धरला तर वर्षाला १०,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ८३३ रुपये. चोवीस फ्लॅटचे वर्षाला २ लाख ४० हजार, दहा वर्षांत चोवीस लाख होतात. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची बांधकाम तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा करावी असेही उपविधी सांगतात. प्रत्यक्षात पुष्कळ कमिट्या हा निधी कागदावर दाखवतात आणि लिफ्टचे बिल त्यातून भरतात. वार्षिक सभेत ताळेबंद हातात आला की नफातोट्याच्या आकड्याआधी निधी कोठे ठेवला आहे त्या बँकेची पावती पाहायला मागावी.

धंदा आणि घर एका गाठीत

व्यापारी आणि कारागिराची अडचण नोकरदारापेक्षा एका बाबतीत मोठी असते. त्याचा धंदा आणि घर एकाच गाठीत बांधलेले असतात. फ्लॅट गहाण ठेवून धंद्यासाठी कॅश क्रेडिट घेतलेले असते. घराचा भाव उतरला की बँक तारणाची किंमत नव्याने ठरवते आणि मर्यादा कमी करते, किंवा जादा तारण मागते. नेमक्या त्याच वेळी बाजारात उधारी अडकलेली असते. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आणि १ जुलै २०१७ चा जीएसटी हे एकापाठोपाठ आले तेव्हा भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांनी हे अनुभवले. माग बंद, घरबाजारही थंड, आणि हप्ता चालू. राहते घर धंद्याच्या तारणात देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. गाळा द्यावा, माग द्यावेत, माल द्यावा. हे पुरत नसेल तर तेवढा धंदा कमी करावा.

दुसरी गाठ हेवी डिपॉझिटची. फ्लॅट देताना भाडे न घेता किंवा नाममात्र घेऊन तीन-चार लाख रुपये एकरकमी घ्यायचे, आणि भाडेकरू जाताना पूर्ण परत करायचे. मालकाला वाटते बिनव्याजी भांडवल मिळाले. ही रक्कम तो सूतखरेदीत किंवा उधारीत घालतो. तेजीत जुना भाडेकरू गेला की नवा येतो आणि एकाची रक्कम दुसऱ्याला देता येते. मंदीत नवा भाडेकरू कमी डिपॉझिट देतो किंवा मिळतच नाही, आणि जुना दारात उभा असतो. ते पैसे नफा नव्हते, कर्ज होते, हे त्या दिवशी कळते. ज्याने असे डिपॉझिट घेतले असेल त्याने निदान तिसरा हिस्सा हातचा राखून ठेवावा. कर्ज देऊन त्याबदली घराचा फायदा घेणे शरियतच्या दृष्टीने कसे आहे, हेही देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनी मुफ्ती साहेबांना विचारावे; अनेक उलमांचा त्यावर आक्षेप आहे.

जकातीबद्दलही वाचक विचारतात. राहत्या घरावर जकात नाही, मग भाव काहीही असो. भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या किमतीवर नाही. भाड्याची जी रक्कम शिल्लक राहते ती आपल्या मालात धरली जाते. परंतु जो फ्लॅट विकून नफा कमावण्याच्या नियतीनेच घेतला तो हनफी मसलकाप्रमाणे तिजारतीचा माल होय, आणि त्यावर दरवर्षी अडीच टक्के जकात आहे. मंदीत हिसाब करताना खरेदीची किंमत धरू नये, जकातीच्या तारखेला बाजारात जो खरा भाव येईल तो धरावा. चाळीस लाखांना घेतलेला फ्लॅट आज तीस लाखांना जात असेल तर तीस लाखांवर पंचाहत्तर हजार. डोक्यावर कर्ज असेल तर किती वजा करावे यात मतभेद आहेत, ते आपल्या मुफ्ती साहेबांकडून समजून घ्यावे. फ्लॅट विकला जात नाही आणि जकात मात्र रोख द्यावी लागते, ही तक्रार मी ऐकलेली आहे. न खपणाऱ्या कापडाच्या गठ्ठ्यालाही हाच नियम आहे.

शेवटी, मंदीत स्वस्तात फ्लॅट घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी. रोख रक्कम असणाऱ्याला हाच काळ चांगला, यात शंका नाही. पण स्वस्त फ्लॅटच्या मागे बहुधा कोणाची तरी थकबाकी असते. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर न जाता सोसायटीचा बेबाकी दाखला, मालमत्ता कराची चालू पावती, विजेचे बिल, भोगवटा प्रमाणपत्र आणि गहाण असल्यास बँकेचे पत्र पाहावे. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर बांधकाम तपासणीचा अहवाल मागावा, आणि पुढील दोन वर्षांत दुरुस्तीची पट्टी बसणार आहे का, हे चिटणिसाला विचारावे. बँकेच्या लिलावात फ्लॅट बहुधा "आहे तसा, आहे तेथे" या अटीवर विकला जातो. सोसायटीची आणि महापालिकेची जुनी बाकी त्यात घेणाऱ्याच्या माथी येऊ शकते. लिलावाच्या आधी सोसायटीच्या कचेरीत जाऊन ती बाकी लिहून घ्यावी आणि तेवढी रक्कम वजा करून मगच बोली लावावी.